स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी हायपरथर्मिया: सेवा घेण्यापूर्वी

हायपरथर्मिया म्हणजे गाठ बाहेरून तापवण्याचा उपचार. 'उष्णतेने कॅन्सरच्या पेशी मरतात' एवढंच सांगून सेशनांचं पॅकेज पुढे करणारं केंद्र आमच्या लेखी नापास. ४० ते ४३ अंश सेल्सिअसला पेशींची डीएनए दुरुस्ती मंदावते आणि केमो किंवा रेडिएशनचा परिणाम वाढतो. या उपचाराचं मुख्य काम तेवढंच. केमो सोडून नुसती उष्णता घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

सेशन दिसायला सोपं आहे. पोटावर पाण्याने थंड ठेवलेला इलेक्ट्रोड, समोरच्या बाजूला दुसरा, मशीननुसार ८ किंवा १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी, हळूहळू वाढवलेली पॉवर, साधारण तासभर. तापलेल्या पेशी हीट शॉक प्रोटीन बनवून काही काळ उष्णतेला दाद देत नाहीत, म्हणून दोन सेशनांत किमान दोन दिवस सोडतात. रोज बोलावणाऱ्यांना याचं कारण जरूर विचारा.

खरी अडचण जागेची. स्वादुपिंड जठराच्या मागे, जवळजवळ मणक्याला टेकून. तिथवर पोचण्याआधी मधली चरबीच तापते. पोट सुटलेलं असेल तर गाठ कोमटच राहते आणि कातडीखाली भाजून दुखरी, कडक गुठळी होते. पाण्याने त्वचा वाचते, खालची चरबी नाही. चटका जाणवताच सांगायचं, सोसायचं नाही. गुंगी देऊन सेशन करणारे तर नकोतच.

गुण सर्वाधिक कापले जातात ते मोजमापात. स्क्रीनवरचे वॅट म्हणजे गाठीचं तापमान नव्हे. प्रोब (तापमान मोजणारी बारीक तार) कुठे आहे, हे विचारा. गाठीत तो क्वचितच घालतात. निदान जवळपासच्या अवयवात तरी आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर बिल मात्र ठणठणीत येणार, हे धरून चाला.

पुराव्याचं म्हणाल तर २०२३ मध्ये युरोपातल्या 'हीट' चाचणीचे निकाल आले. ऑपरेशननंतर जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधांना उष्णतेची जोड दिली, पण आजार परतेपर्यंतचा काळ, म्हणजे मुख्य निकष, लक्षणीय वाढला नाही. शिवाय तुलनेच्या गटाला सिस्प्लॅटिन नव्हतंच. तेव्हा फरक पडला असता तरी श्रेय उष्णतेचं की औषधाचं, हा वाद राहिलाच असता.

पेसमेकर असेल तर हा उपचार नको. पित्तनलिकेत धातूचा स्टेंट असेल (या आजारात तो बऱ्याचदा असतो) तर आधीच सांगा. आणि वेदनेसाठी फेंटानिलचा पॅच लावलेला असेल तर सेशनपूर्वी डॉक्टरांशी बोला: उष्णतेने औषध झपाट्याने अंगात शिरतं आणि श्वास मंदावू शकतो.