काळ्या मातीत नाणी शोधायला कोणती कॉइल? आठ महिने वापरून

कॉइल म्हणजे मेटल डिटेक्टरच्या (धातू शोधायच्या मशीनच्या) दांड्याखालची चकती. माझ्याकडे तीन: मशीनसोबत आलेली 9 इंची कॉन्सेन्ट्रिक (एका वेटोळ्यात दुसरं वेटोळं), हौसेनं घेतलेली 13 इंची डीडी (डबल-डी) आणि शेवटी 6 इंची डीडी. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं तेव्हापासून या तिन्ही कॉइल कळमेश्वरजवळच्या आमच्या शेतात आणि जुन्या घराच्या अंगणात फिरवतोय.

आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट हे चुंबकी लोहखनिज बारीक मिसळलेलं. कॉन्सेन्ट्रिकचं क्षेत्र टोक खाली केलेल्या शंकूसारखं, त्यात भरपूर माती एकदम येते आणि मशीन नुसतं किरकिरतं. ग्राउंड बॅलन्स (मशीन मातीशी जुळवून घेणं) करून दहा पावलं जात नाही तोच पुन्हा तेच. डीडीत दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढलेली असतात आणि मधली अरुंद पट्टीच मुख्य काम करते, म्हणून मातीची कटकट कमी. नेमकी जागा दाखवण्यात मात्र कॉन्सेन्ट्रिक सरस. डीडीवर मी कॉइल हळूहळू मागे ओढतो. आवाज तुटला की वस्तू टोकाच्या पुढ्यात.

मग वाटलं, मोठी घेतली तर खोलवरचं सापडेल. इथे पैसे पाण्यात गेले. मोकळ्या वावरात 13 इंची बरी, पण अंगणात बैलांच्या नालांचे खिळे, बाटल्यांची बुचं, पत्र्याचे तुकडे. तीन-चार वस्तू एकदम खाली येतात आणि खिळा नाण्याचा आवाज गिळून टाकतो. अर्ध्या तासात खांदाही भरून येतो. (खर्रा, म्हणजे आमच्याकडचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण, प्लास्टिकच्या पन्नीत बांधतात ते बरं, पन्नीला मशीन विचारत नाही. नाहीतर नागपुरात हा छंदच बंद पडला असता.)

त्याच अंगणातल्या निंबाखाली 6 इंची फिरवली. एका बाजूनं खरखर, दुसऱ्या बाजूनं बारीक पण स्वच्छ टिंग. खुरप्यानं माती काढली तर आधी गंजका खिळा, आणि त्याच्यापासून चार बोटांवर भोकाचा पैसा, 1944 चा. भोकात ढेकूळ घट्ट बसलेलं, कडेला हिरवा गंज. 13 इंची याच जागेवरून दोनदा गेली होती.

उणिवा आहेतच. एक फूट जमिनीला दोन फेऱ्या लागतात, आणि सहा इंचांखाली आवाज क्षीण होतो. कव्हरमध्ये माती साचली किंवा केबल दांड्यावर सैल राहिली की खोटे आवाज येतात. माझा एक अख्खा रविवार त्यातच गेला.

लोखंड वगळायचं सेटिंग जपून लावा. 1992 पासूनचा स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, माझ्या मशीनला तो लोखंडच वाटतो. आणि 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: दहा रुपयांवरच्या किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, शेत स्वतःचं असलं तरी. किल्ले, लेणी, जुनी देवळं, तिकडे मशीन नेऊच नका.

13 इंची आता खुंटीला आहे, विकायची आहे. पण मशीन दुसरं असेल तर घेऊ नका. कॉइल त्या त्या मशीनच्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेली असते, नुसता प्लग बसून भागत नाही.