हजार-वीसच्या टायरांनी झाकलेलं क्राउन

खडी वाहायला जुना टिपर, म्हणजे डंपर, बघायला गेलो तेव्हा पहिली नजर टायरांवर गेली आणि तिथंच मी गंडलो. सहाचाकी गाडी, सहाच्या सहा टायर नवेकोरे, हजार-वीसचे, म्हणजे १०.००-२० मापाचे. यार्डातल्या एजंटानं मागच्या चाकावर लाथ मारून दाखवली. "शेठ, कंपनी नऊशे-वीस देते. आधीच्या मालकानं हौसेनं मोठे घातलेत. माल जास्त बसतो." आरसीवर जे वजन लिहिलंय त्यापेक्षा एक किलोही जास्त भरता येत नाही, टायर कसलेही असोत. पण नवे टायर बघितले की माणसाचं डोकं बाजूला पडतं. माझं पडलं.

चालवून बघितली ती रिकामी आणि सपाट हायवेवर. सुसाट पळाली. उतरताना एजंट सहज बोलल्यासारखं बोलला, "मोठे टायर आहेत, लोडला उठायला जरा जड वाटेल. सवय होईल." हे वाक्य त्यानं मुद्दाम पेरलं होतं, हे कळायला मला तीन महिने लागले.

माझं काम शिरवळच्या बाजूनं खडी भरायची आणि वाईकडं आणायची. मध्ये खंबाटकी. तेव्हा पुण्याकडून येताना घाट चढावाच लागायचा, बोगदा होता तो परतीच्या वाटेला, म्हणजे गाडी रिकामी असताना. भरलेली गाडी वळणावर पुढच्या ट्रकमागं थांबली की पहिल्या गिअरमध्येसुद्धा उठायला मागायची नाही. अर्ध्या क्लचवर खेळवत काढायची. केबिनमध्ये जळका वास भरायचा. दोन महिन्यांत दोन क्लच प्लेटा गेल्या. मी म्हणायचो, मोठे टायर आहेत, चालायचंच.

त्यात डिझेल. मीटरवरच्या किलोमीटरनं हिशेब केला की ॲव्हरेज लिटरला २.९ पडायचं. आमच्याच रस्त्यावर दुसऱ्याच्या तसल्याच गाडीला साडेतीन. मग मी जे करायला नको होतं ते केलं. गाडीवर ड्रायव्हर तात्या होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "तात्या, डिझेल जातंय कुठं?" तात्या काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गाडीत बसवलं आणि म्हणाले, "मालक, तुम्ही नुसते दगड मोजा."

हायवेला एका किलोमीटरच्या दगडापाशी त्यांनी ट्रिप मीटर शून्यावर आणला. मी मोजत गेलो. दहावा दगड आला तेव्हा मीटरवर ८.३ होतं. म्हणजे डिझेल कुठंच जात नव्हतं. गाडी दहा किलोमीटर चालत होती आणि सांगत होती सव्वाआठ. २.९ म्हणजेच खरं साडेतीन. तात्यांची माफी मागितली, पण ते दोन-तीन दिवस माझ्याशी तुटकच बोलले. बरोबरच आहे त्यांचं.

मिस्त्रींकडं गेलो तर ते म्हणाले, सगळं टायरवर ढकलू नका. नऊशे-वीसचा टायर साधारण १०१८ मिलिमीटर उंच, हजार-वीसचा १०५५ च्या आसपास. फरक साडेतीन टक्के. तेवढाच मीटर मागं पडेल, तेवढीच ओढ कमी होईल. शंभरात सतरा कसे गेले?

त्यांनी मागची एक बाजू जॅकवर घेतली, बाकी चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल, हवेचा हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला जाणाऱ्या दांड्यावर, खडूनं रेघ मारली, एक रेघ टायरवर. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवायला सांगितलं. एकच चाक फिरतंय म्हणून दोन फेरे, दोन्ही फिरली असती तर एक पुरला असता. शाफ्ट किती फिरतोय ते मिस्त्री खाली झोपून मोजत होते. या गाडीला कंपनीचं ४१/६ चं क्राउन-पिनियन होतं, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलमधली दातेरी जोडी, मोठ्या क्राउनला ४१ दात, छोट्या पिनियनला ६. म्हणजे रेघ सहा वेळा येऊन सातव्याला थोडी कमी पडायला हवी, ६.८३ फेरे. रेघ पाच वेळा आली आणि सहाव्याला जराशी अलीकडं थांबली.

डिफरन्शियल खोलल्यावर ४१/७ निघालं. ५.८६. लांब पल्ल्याच्या, सपाटीवर पळणाऱ्या ट्रकला हे ठीक, डिझेलही वाचतं. हा आकडा जेवढा लहान तेवढी गाडी पळते जास्त आणि ओढते कमी. माझ्या टिपरला नेमकं उलटं हवं होतं. क्राउननं चौदा टक्के ओढ खाल्ली, टायरनं वरची थोडी, मिळून सतरा. आमच्या गाडीत मीटरचा सेन्सर गिअरबॉक्सच्या शेपटाला आहे, तो शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. म्हणून किलोमीटरही तेवढेच कमी पडत गेले. विकणाऱ्याला ते फायद्याचंच. आणि डंपरला वेग अडवणारा स्पीड गव्हर्नर ६० चा. मीटर ६० दाखवायचा तेव्हा खरा वेग ७२ असायचा. उतारावर खडी भरून ७२! हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मूळ क्राउन फुटलं असेल आणि भंगारातून मिळेल ते बसवलं असेल, असं मिस्त्रींचं मत. टायर त्यावरचं पांघरूण. कोणी तक्रार केली तर बोट दाखवायला जागा पाहिजे ना.

एजंटाकडं गेलो. त्यानं स्टँप पेपर काढला. "गाडी आहे त्या स्थितीत, तपासून घेतली", खाली माझी सही. वकिलांनी सांगितलं, स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली एकच गाडी असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं, पण ही सही आडवी येईल. मी आता घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: घाटात नाहीतर निदान चढावर, भरून चालवा. दहा दगड मोजा. खिशात खडू ठेवा. नोंदणीच्या अर्जात, फॉर्म २० मध्ये, प्रत्येक ॲक्सलच्या टायरचा साइज लिहिलेला असतो, तो अर्ज मागून घेऊन बघा.

४१/६ चा सेट बसवला, टायर नऊशे-वीसचे केले. तात्या परवा खंबाटकीत थांबून पुन्हा उठले, वास नाही. हजार-वीसचे सहाही गोठ्यामागं पडलेत. गेल्या आठवड्यात एकजण बघायला आला, म्हणाला, "नऊशे-वीसच्या गाडीला चालतील ना?" त्याला चहा दिला आणि विचारलं, तुमच्या क्राउनचे दात किती? त्याला माहीत नव्हतं.