ऑस्ट्रेलियन बाभूळ की रामकाठी? सोलापुरात लावायची कोणती

होटगी रोडला किंवा अक्कलकोट रोडला प्लॉट घेतला की लगेच शोध सुरू होतो तो झटपट वाढणाऱ्या झाडाचा. मग ऑस्ट्रेलियन बाभळीचं नाव निघतंच. माझं मत आधीच सांगतो: घराच्या कुंपणाला आडोसा हवा असेल आणि पाण्याची सोय असेल, तर ती खुशाल लावा. शेताच्या बांधावर मात्र रामकाठीच.

ऑस्ट्रेलियन बाभळीचं रोप जवळून बघा. सुरुवातीची पानं आपल्या बाभळीसारखी बारीक, पिसासारखी असतात. थोड्याच दिवसांत ती यायची थांबतात आणि देठच चपटा होऊन कोयत्याच्या आकाराचं जाड हिरवं पातं तयार होतं. झाड बारमाही हिरवं राहतं, काटा नाही, पिवळ्या तुऱ्यांचा बहर देखणा. लहान मुलं अंगणात खेळणार असतील, तर बिनकाट्याचं झाड ही मोठीच सोय.

पण हे झाड मूळचं उत्तर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनीकडचं, भरपूर पावसाचं. आपल्याकडे वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर मे महिन्याचं ऊन. निदान पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. फांद्या ठिसूळ असतात, वळवाच्या वाऱ्यात मोडतात. म्हणून विजेच्या तारा, पत्र्याचं शेड आणि गाडी लावायची जागा यांपासून लांब लावा. पाचोळा लवकर कुजत नाही. शेळ्याही पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत.

रामकाठी ही आपल्या गावठी बाभळीचीच जात, पण फांद्या खोडालगत सरळ वर जाणाऱ्या. सावली अरुंद पडते, त्यामुळे बांधालगतच्या ज्वारीला फारसा त्रास होत नाही. ती काळ्या रानात तग धरते. शेंगा शेळ्या आवडीने खातात, लाकूड औतांना चालतं, जळणालाही उत्तम. वाढ मात्र सावकाश, आणि काटे असे की चप्पल फोडून पायात जातात. दारात नकोच.

दोन्हींचं बी कडक कवचाचं असतं. उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच भिजू द्यायचं आणि सकाळी पिशवीत टोकायचं. गावठी बाभळीच्या बाबतीत जुनी माणसं त्याहून सोपी वाट सांगतात: शेळ्यांच्या वाड्यातलं बी गोळा करा. पोटातून आलेलं बी चांगलं उगवतं.

आणि नान्नजच्या बाजूला गवताळ माळ असेल, तर तिथे दोन्ही नकोत. माळढोक, काळवीट, लांडगा यांना तो उघडा माळच लागतो. त्याला पडीक समजून झाडं लावली की त्यांची जागा जाते. तिथे गवतच राखा; गुरांना चाराही तेच देतं.