क्वेक लावा आणि मग बोला: पेंटियम, सायरिक्स, के६-२ आणि सेलेरॉन

जुना प्रोसेसर विकणारा माणूस आधी मेगाहर्ट्झ सांगतो. मी विचारतो, खेळ कोणता? कारण १९९६ ते १९९९ या काळात गेमिंगसाठी जे प्रोसेसर वापरले गेले, ते एकाच तराजूत तोलताच येत नाहीत. डूममध्ये ऐटीत चालणारा क्वेकमध्ये मार खातो, आणि क्वेकमध्ये रडणारा दुसरा कुणी व्हूडू कार्ड (त्रिमितीय चित्रांचं काम उचलणारं वेगळं कार्ड) जोडलं की शहाण्यासारखा वागायला लागतो. माझ्या टेबलावर सॉकेट ७ चा एक बोर्ड कॅबिनेटशिवाय उघडाच असतो, शेजारी स्लॉट १ चा एक; सॉकेट आणि स्लॉट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायच्या जागा. त्यांवर पेंटियम एमएमएक्स २३३, सायरिक्स ६एक्स८६ पीआर२००+, एएमडी के६-२ आणि सेलेरॉन ३००ए हे चौघे आलटून पालटून चढवतो. हा त्यांचाच हिशेब आहे.

मोजायची पद्धत साधी. डूमला ‘-टाइमडेमो डेमो३’ देऊन सोडायचं. शेवटी तो सांगतो की २१३४ गेमटिक्स (खेळातले ठोके) अमुक इतक्या रिअलटिक्समध्ये (घड्याळाचे ठोके, सेकंदाला ३५) झाले. ७४,६९० ला त्या रिअलटिक्सच्या आकड्याने भागलं की सेकंदाला किती फ्रेम ते कळतं. क्वेकमध्ये कन्सोल उघडून ‘टाइमडेमो डेमो१’. ग्राफिक्स कार्ड तेच ठेवायचं, नाहीतर आपण प्रोसेसर मोजतोय की कार्ड, हेच समजत नाही. डूमच्या ३२० बाय २०० च्या पडद्याला एका फ्रेममागे ६४,००० बाइट लागतात. ३५ फ्रेम धरल्या तर सेकंदाला बावीस लाखांहून जास्त बाइट कार्डाकडे ढकलायचे. म्हणून तर पेंटियमच्या आधीच्या ४८६ च्या काळात तोच डीएक्स२-६६ प्रोसेसर आयएसए या जुन्या, संथ जोडणीच्या कार्डावर दमायचा आणि व्हीएलबी या वेगवान जोडणीच्या कार्डावर पळायचा.

आधी सायरिक्स, म्हणजे वाईट बातमी उरकून जाईल. चिपवर २०० लिहिलंय. खरा क्लॉक १५० मेगाहर्ट्झ, तोही ७५ च्या बसवर (बस म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातली वाट). पीआर म्हणजे कंपनीच्या मते हा त्या आकड्याच्या पेंटियमच्या तोडीचा. ऑफिसच्या कामात तो दावा बऱ्यापैकी टिकायचा, कारण पूर्णांकी गणितात हा प्रोसेसर खरोखर चलाख आहे, आणि डूमला तेवढंच लागतं. डूममध्ये दशांशाचं गणितच जवळजवळ नाही, सगळं फिक्स्ड पॉइंट. पण क्वेक लावला की नाव मोठं लक्षण खोटं. पेंटियम १३३ सुद्धा शांतपणे पुढे निघून जातो. शिवाय ७५ च्या बसमुळे पीसीआय, म्हणजे कार्डांची जोडणी, नेहमीच्या ३३ ऐवजी ३७.५ वर धावतं, आणि काही कार्डांना ते सोसत नाही. चिप तापते तर इतकी की हीटसिंक निवडताना कंजुषी चालत नाही. वर काही प्रोग्राम याला ४८६ समजून बसतात, कारण याचं सीपीयूआयडी, म्हणजे प्रोसेसरने स्वतःची ओळख सांगायची सोय, मुळातच बंद ठेवलेलं असतं. कपाटात ठेवायला छान आहे. वरची छपाई देखणी आहे, हे मी मनापासून सांगतो.

आता क्वेकलाच एवढं काय झालं? जून १९९६ मध्ये आलेल्या या खेळात भिंतीवरचं टेक्श्चर (चिकटवलेलं चित्र) वाकडंतिकडं दिसू नये म्हणून भागाकार करावा लागतो, आणि भागाकार म्हणजे प्रोसेसरच्या दृष्टीने सगळ्यात रेंगाळणारं काम. क्वेकचे प्रोग्रामर जॉन कारमॅक आणि मायकल ॲब्रॅश यांनी तो प्रत्येक पिक्सेलला न करता सोळा पिक्सेलमागे एकदाच केला. त्यातही गंमत अशी, की पेंटियमचा फ्लोटिंग पॉइंट (दशांशाच्या गणिताचा) विभाग भागाकार करत बसलेला असताना पूर्णांकी विभाग ते सोळा पिक्सेल रंगवून मोकळा होतो. भागाकार जणू फुकटात पडतो. बाकीची बेरीज-गुणाकाराची कामंही पेंटियममध्ये पाइपलाइनने होतात, म्हणजे एक संपायच्या आत दुसरं आत शिरलेलं असतं. सायरिक्समध्ये आधीचं उरकेपर्यंत पुढच्याने थांबायचं. क्वेकचा हा गाभा पेंटियमच्या अंगाचं माप घेऊन शिवलेला आहे. दुसऱ्याला तो बसला नाही यात नवल नाही.

म्हणूनच पेंटियम एमएमएक्स २३३ हा माझा आवडता. एमएमएक्सच्या त्या ५७ नव्या इन्स्ट्रक्शन खेळांनी फारशा वापरल्याच नाहीत, जाहिरातीत मात्र रंगीबेरंगी गाजल्या. खरा फायदा झाला तो आतली कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली वेगवान मेमरी, १६ वरून ३२ केबी झाली त्याचा. बसवताना दोन गोष्टी बघा. एक, व्होल्टेज: कोअरला २.८ व्होल्ट लागतात, जुन्या पेंटियमच्या ३.३ वर घालू नका. दुसरी, ३.५ या गुणकाचा (बसच्या वेगाला ज्याने गुणायचं तो आकडा) जंपर बोर्डावर सापडला नाही तर घाबरू नका. ही चिप १.५ च्या जंपरलाच ३.५ समजते. आणि बोर्ड ४३०टीएक्स चिपसेटचा असेल तर ६४ एमबीहून जास्त रॅम घालू नका, कारण त्यापुढची मेमरी कॅशमध्ये येतच नाही. रॅम वाढवली आणि मशीन मंदावलं अशी तक्रार वाचली की मी आधी चिपसेट विचारतो.

के६-२ बद्दल मत बनवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मे १९९८ मध्ये ३०० मेगाहर्ट्झ आणि १०० ची बस घेऊन आला, सॉकेट तेच जुनं. कागदावर उत्तम. क्वेक, सॉफ्टवेअर मोडमध्ये (सगळं चित्र प्रोसेसरनेच काढायचं): मेगाहर्ट्झच्या मानाने निराशा. इथेही फ्लोटिंग पॉइंटला पाइपलाइन नाही, आणि एल२ म्हणजे दुसऱ्या पायरीची कॅश मदरबोर्डवर, बसच्याच वेगाने चालणारी. यावर एएमडीचं उत्तर होतं थ्रीडीनाऊ: एकवीस इन्स्ट्रक्शन, एका फटक्यात दोन-दोन दशांश आकडे. पण जुन्या खेळाला ते आपोआप मिळत नाही, खेळाने किंवा ड्रायव्हरने ते मागावं लागतं. क्वेक २ साठी तसा खास पॅच निघाला होता. व्हूडू२ कार्ड आणि तो पॅच एकत्र आले की हाच प्रोसेसर ओळखू येत नाही. कोपऱ्यावरून वळताना जो झटका बसायचा तो जातो. पॅचशिवाय पुन्हा लावून बघा, लगेच जाणवेल.

त्याची दुखणी मात्र अंगावर येतात. ३५० किंवा त्यापुढचा के६-२ आणि विंडोज ९५ एकत्र आले की मशीन सुरू होतानाच प्रोटेक्शन एररवर अडतं. कारण मजेशीर आहे: ‘लूप’ ही इन्स्ट्रक्शन हा इतक्या वेगात उरकतो, की विंडोजचं वेळ मोजायचं गणितच कोलमडतं. एएमडीचा दुरुस्तीचा पॅच आहे, तो आधीच फ्लॉपीवर घेऊन ठेवा. सुपर सॉकेट ७ च्या (१०० ची बस असलेल्या सॉकेट ७ च्या) बोर्डांवर एजीपी, म्हणजे खास ग्राफिक्ससाठीच्या जोडणीच्या, कार्डांचा त्रासही ठरलेला, त्यामुळे मी सरळ पीसीआय व्हूडूच लावतो. पुढे फेब्रुवारी १९९९ मध्ये आलेल्या के६-३ ने २५६ केबी कॅश पोटातच घेतली आणि बरंच दुखणं बरं केलं. तो मिळाला तर के६-२ कडे बघूही नका. फक्त पिना एकेक करून पाहा. एका विक्रेत्याने ‘तपासून दिलाय’ म्हणत पाठवलेल्या चिपच्या कडेची अख्खी ओळ झोपलेली होती. मेकॅनिकल पेन्सिलचं रिकामं टोक प्रत्येक पिनवर चढवून ती सरळ करत बसलो.

सेलेरॉन ३००ए वर इतकं लिहून झालंय की मी आवरतं घेतो. आधीच्या सेलेरॉनमध्ये एल२ कॅशच नव्हती आणि त्याची जी शोभा व्हायची ती झाली. ऑगस्ट १९९८ च्या या चिपमध्ये १२८ केबी कॅश आहे, पण प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालणारी. महागड्या पेंटियम २ मध्ये ५१२ केबी, पण अर्ध्या वेगाची. गुणक ४.५ ला कुलूपबंद, म्हणून बस ६६ वरून १०० केली की थेट ४५०. बोर्ड ऐकत नसेल तर स्लॉट १ च्या कार्डावरच्या बी२१ संपर्कावर पातळ चिकटपट्टीचा तुकडा लावतात, म्हणजे बोर्डाला ही १०० चीच चिप वाटते. तुकडा शेजारच्या संपर्कावर जाऊ देऊ नका. अनरियल असो की क्वेक ३, ४५० ला धावणारा हा ४५० च्या के६-२ ला मागे टाकतो, आणि पॅच शोधत फिरावं लागत नाही.

मग सरळ सेलेरॉनच घ्यावा का? विंडोज ९८ चे त्रिमितीय खेळ खेळायचे असतील तर हो. पण डॉसचे खेळ असतील तर थांबा. १९९० चा विंग कमांडर यावर इतका सुसाट पळतो की खेळता येत नाही. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले बरेच प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडतात. सेलेरॉनची आतली कॅश बंद केली तर तो एकदम ३८६ च्या आसपास घसरतो, मधली पायरी मिळत नाही. पेंटियम एमएमएक्स इथेच वसूल होतो. जंपर हलवून त्याला १३३ वर आणता येतं, आणि सेटमूल नावाच्या चिमुकल्या डॉस प्रोग्रामने कॅश, ब्रँच प्रेडिक्शन (प्रोग्राम पुढे कुठे वळेल याचा अंदाज) आणि दुसरी पाइपलाइन वेगवेगळी बंद करता येते. या तिन्हींच्या जोड्या जुळवल्या की ३८६ पासून पेंटियमपर्यंतच्या बऱ्याच पायऱ्या एकाच चिपमध्ये मिळतात, आणि खेळ बदलताना स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा लागत नाही. माझ्या विंग कमांडरसाठी ऑटोएक्झेकमध्ये (डॉस सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) कॅश बंद करणारी एक ओळ आहे, क्वेकच्या बॅच फाइलमध्ये ती पुन्हा चालू करणारी दुसरी.