माझाच आवाज, त्यांची जाहिरात

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका मुलीने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसलं. "ताई, हा आवाज तुमचाच ना? म्हणजे हे खरंच लागू पडतं? मी आज पैसे भरणारच होते."

ऐकते तर वजन उतरवायच्या एका जाहिरातीत मीच बोलत होते. "आठ दिवसांत तीन किलो आठशे ग्रॅम! मला तर खरंच वाटत नाहीये..." आनंदाने चिरकलेला आवाज, मागे मंद संगीत, आणि खाली नाव दुसऱ्याच कुणाचं तरी.

दोन वर्षं ही गोष्ट मी घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. लाज वाटायची. शिकलेली बाई, हिशेबाचं काम करते, आणि एवढ्या साध्या आकड्यांत फसली! पण माझा आवाज वापरून दुसरीला गंडवत असतील, तर गप्प बसून भागायचं नाही.

त्या वर्षी वडिलांचं दुखणं चाललं होतं आणि ऑफिसात वर्षअखेरीची कामं होती. दिवसा मी ठीक असायचे. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात जायचे. भूक नसायची, पोट भरलेलं असायचं, तरी बिस्किटांचा डबा उघडायचा. दिवा लावायचा नाही. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून अंगठा दाबून, एका बाजूने हळूच उचलायचं, या कामात मी तरबेज झाले होते. सात-आठ बिस्किटं उभ्या उभ्या संपायची आणि चवही लक्षात राहायची नाही. काट्यावर आकडा होता ७८.४.

अशाच एका रात्री फोनवर ती जाहिरात आली. 'तुम्ही खात नाही, तुमचा ताण खातो.' वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत मला कुणीतरी ओळखलं, असं वाटलं. खाली बारा प्रश्नांची 'ताण-भूक चाचणी' होती. रात्री एकटं असताना खाता का? खाल्ल्यावर अपराधी वाटतं का? मी प्रामाणिकपणे उत्तरं दिली. निकाल आला, ताण-भूक पातळी ८७ टक्के, 'तातडीने लक्ष द्या'. पुढे कधीतरी, सगळं होऊन गेल्यावर, मी तीच चाचणी मुद्दाम सगळी उलटी उत्तरं देऊन पुन्हा सोडवली. निकाल, ८७ टक्के. सवलतीचं उलटं घड्याळसुद्धा तसंच. चौदा मिनिटं उरलेली असायची आणि पान बंद करून उघडलं की पुन्हा चौदा.

दुसऱ्या दिवशी फोन आला. बोलणारी अत्यंत गोड. 'समुपदेशक' म्हणून ओळख करून दिली, फोटोत पांढरा कोट. तिने पाऊण तास माझं ऐकून घेतलं. तिचा पांढरा कोट कुठल्या पदवीचा, हे मी एकदाही विचारलं नाही, कारण मधे न बोलता माझं ऐकणारं त्या दिवसांत दुसरं कुणी नव्हतं. शेवटी म्हणाली, "ताई, यात तुमचा काही दोष नाही. फक्त संप्रेरकं बिघडलीत. नव्वद दिवसांत आपण ती जागेवर आणू. नाही आणली तर पूर्ण पैसे परत."

पगाराचा तिसरा हिस्सा त्या संध्याकाळी गेला. पैसे भरताना एका खिडकीत 'मान्य' दाबलं. दर महिन्याला खात्यातून आपोआप रक्कम काढायची परवानगी त्यातच होती, हे दुसरा हप्ता कापला गेल्यावर कळलं.

खोक्यात तीन गोष्टी होत्या. सकाळची पावडर, दुपारची कॅप्सूल आणि झोपताना घ्यायचा 'शुद्धी चहा'. सोबत ८०० कॅलरींचा तक्ता. आणि रोज रात्री दहा वाजता फोनवर 'प्रामाणिक नोंद' पाठवायची. काय खाल्लं, किती वाजता, किती. चुकलं असेल तर तेही न लपवता. "लपवलंत तर आम्ही मदत कशी करणार, ताई?" पहिल्या दिवशी फोटोही मागितले, समोरून आणि बाजूने, अंगाला बसतील अशा कपड्यांत. मी पाठवले. आज लिहितानाही अंगावर शहारा येतो.

आठव्या दिवशी काट्यावर ७४.६. मी आनंदाने आवाज रेकॉर्ड करून त्या 'समुपदेशक' बाईंना पाठवला. हाच तो आवाज.

आता जरा हिशेब करू, जो मी तेव्हा केला नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तीन किलो आठशे ग्रॅम चरबी जाळायची तर २९ हजारांवर कॅलरींची तूट हवी, म्हणजे रोज साडेतीन हजारांहून जास्त. माझ्यासारख्या खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईचा दिवसभराचा सगळा खर्चच दोन हजारांच्या आसपास. अगदी हवा खाऊन राहिले असते तरी ते जमलं नसतं! मग उतरलं ते काय? यकृतात आणि स्नायूंत शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, ठेवतं, सगळं मिळून अर्धा किलोच्या आतबाहेर, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. एकदम खाणं तोडलं की आधी तो साठा रिकामा होतो आणि पाणी बाहेर पडतं. दोनेक किलो तर असेच जातात. उरलेलं माझ्या बाबतीत त्या चहाने नेलं. पुड्यावर बारीक अक्षरांत सोनामुखी लिहिलं होतं. ते रेचक आहे. पोटात मुरडा यायचा आणि सकाळी तीन-चार फेऱ्या व्हायच्या. मी कळवलं तर उत्तर आलं, "छान! विषारी द्रव्यं बाहेर पडतायत." रेचकाने जातं ते पाणी आणि मळ. चरबी त्या वाटेने जात नाही.

दहाव्या-अकराव्या दिवसापासून तोंडाला कोरड पडायला लागली. पहाटे तीनला टक्क जाग यायची आणि छातीत धडधड. त्यावरही उत्तर तयार होतं, "शरीर शुद्ध होताना असं होतं, ताई. सोडू नका, अगदी उंबरठ्यावर आहात." आणि मी सोडलं नाही. भूक जवळजवळ गेली होती ना! तोच तर पुरावा वाटायचा.

माझी नणंद नर्स आहे. ती राहायला आली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "वहिनी, हात बघू." मनगट धरून घड्याळाकडे बघत बसली. मी नुसती खुर्चीत बसलेली, आणि नाडी ११२. तिने डबी उलटीपालटी केली. 'विशेष वनौषधी मिश्रण, ५०० मिग्रॅ' एवढंच लिहिलेलं. कुठली वनौषधी किती, याचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला डॉक्टरांकडे ओढूनच नेलं.

डॉक्टरांनी कॅप्सूल त्याच क्षणी बंद करायला लावली. मग सिब्युट्रामिनबद्दल सांगितलं. भूक मारणारं हे औषध एके काळी रीतसर विकलं जायचं. हृदयविकार असलेल्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढतं असं मोठ्या चाचणीत दिसलं, आणि २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बाजारातून काढलं गेलं. त्यानंतरही 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या, वजन उतरवायच्या गोळ्यांत ते लपवून मिसळलेलं वेळोवेळी सापडत आलंय. तोंडाला कोरड, झोप उडणं, नाडी जलद होणं, रक्तदाब वाढणं ही त्याचीच लक्षणं. माझ्या डबीत तेच होतं असा आरोप मी करत नाही, डबी प्रयोगशाळेत गेलीच नाही. पण ज्या 'वनस्पती'ने भूक आठवडाभरात गायब होते आणि झोपही उडते, ती पानाफुलांची नसावी एवढी शंका यायलाच हवी होती. बंद केल्यावर चौथ्या दिवशी धडधड थांबली.

भूक मात्र परत आली, आणि कशी! पूर्वी सात-आठ बिस्किटांवर थांबायचे, आता पुडा संपायचा. मला वाटलं, मीच निगरगट्ट. डॉक्टरांनी तेव्हा १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने त्यात उतरले होते. सहा महिने त्यांना नेहमीच्या खाण्याच्या निम्म्याच्या आसपास, दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवलं. त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही राहिलं नाही. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. निर्बंध उठल्यावर कित्येकांना खाणं थांबवता येईना. "त्यांचं मन कमकुवत होतं का? आणि तुम्हाला तर ८०० वर ठेवलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. त्या वाक्याने माझं निम्मं ओझं उतरलं. लांबलेल्या ताणात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं राहतं, ते गोड-तेलकटाकडे ओढतं. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं. त्यात दिवसभर उपाशी ठेवलं, तर रात्रीचा डबा ठरलेलाच. म्हणजे त्यांचा तक्ता माझ्या दुखण्यावर उपाय म्हणून दिला होता आणि नेमकं तेच दुखणं वाढवत होता.

पैसे परत मागितले तेव्हा खरी गंमत झाली. आधी मला 'प्रगत पॅकेज' सुचवलं, माझा चयापचय 'अडकला' होता म्हणे. मी हमीची आठवण दिल्यावर गोड आवाज गेला, 'ग्राहक विभाग' आला. त्यांनी माझ्याच रात्रीच्या नोंदींचे तेवीस स्क्रीनशॉट पाठवले. 'नऊ तारीख, रात्री दीड वाजता, आठ बिस्किटं.' 'चौदा तारीख, खूप रडले, खाल्लं.' प्रत्येकाखाली लाल रेघ. नियम असा की तक्त्याबाहेरचा एक घास जरी खाल्ला तरी हमी रद्द. जिला ताणात खाण्याचा त्रास आहे अशीच बाई हेरायची, तिला ताणात खाल्लं नाही तरच पैसे परत द्यायची हमी द्यायची, आणि खाल्ल्याचा पुरावा तिच्याकडूनच रोज रात्री दहाला लिहून घ्यायचा. हिशेबनीस म्हणून सांगते, व्यवहार चोख होता. शेवटच्या ओळीत माझ्या 'आधीच्या फोटों'चाही सहज म्हणून उल्लेख होता. धमकी म्हणता येणार नाही असा. मी गप्प झाले.

ते चुकलं. आज कुणी विचारलं तर मी सांगेन, त्याच दिवशी बँकेला फोन करून आपोआप कापणीची परवानगी रद्द करा आणि व्यवहाराची तक्रार नोंदवा. मी दुसरा हप्ता जाईपर्यंत थांबले. सगळे मेसेज, खोकं, पावती जपून ठेवा. मी संतापून खोकं फेकून दिलं आणि डबीही गेली. फोटो कुणालाच पाठवू नका. आणि धडधड, चक्कर, छातीत दुखणं असलं काही झालं, तर आधी डॉक्टर, मग विक्रेता.

नंतर जे झालं त्यात सांगण्यासारखं फारसं नाही, ते कंटाळवाणंच आहे. सकाळचं खाणं चुकवत नाही, चार-पाच तासांपेक्षा जास्त उपाशी राहत नाही. झोपेची वेळ पाळते. काही महिने समुपदेशन घेतलं, खऱ्या, पदवी असलेल्या बाईंकडे. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं की, एका बैठकीत ताबा सुटल्यासारखं भरमसाट खाणं आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललंय का? तसं असेल तर तो नाव असलेला आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सवय म्हणून त्याच्याशी एकटीने झुंजायचं नसतं. नोंद मी अजूनही ठेवते, पण साध्या वहीत. काय खाल्लं ते लिहीत नाही, डब्याकडे जायच्या आधी काय झालं होतं एवढंच लिहिते. 'बाबांचा रिपोर्ट.' 'साहेबांचा फोन.' कधी कधी लिहिता लिहिता डबा राहून जातो. कधी राहत नाही.

तर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या मुलीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पण ताई, आठ दिवसांत उतरलं तर होतं ना?"

मी वही काढून आकडे दाखवले. सुरुवातीला ७८.४. आठव्या दिवशी ७४.६. बंद केलं तेव्हा ७३.९. त्यानंतर दोन महिन्यांनी ७९.८. आणि त्यापुढे पानं उलटत आज ७३.१, दीड वर्षाहून जास्त काळात. तिने शेवटच्या आकड्याकडे बघून विचारलं, "इतका वेळ?" मी हो म्हटलं. तिने इअरफोन गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि जागेवर गेली. पैसे भरले की नाही, मी अजून विचारलेलं नाही.