मोंगोडीबी निवडण्यापूर्वी माहिती कशी वाचली जाणार ते पाहा

मोंगोडीबी हा डॉक्युमेंट डेटाबेस, म्हणजे टेबलांतील ओळींऐवजी प्रत्येक नोंद एका लवचीक डॉक्युमेंटमध्ये ठेवणारा डेटाबेस, 2009 मध्ये बाजारात आला, आणि ‘यात स्कीमा (माहितीची ठरावीक रचना) आधी ठरवावा लागत नाही’ हेच त्याचे मोठे आकर्षण म्हणून आजही सांगितले जाते. माझ्या मते निवडीसाठी हा निकष कुचकामी आहे. स्कीमा प्रत्येक प्रकल्पाला असतोच. डेटाबेसने तो सांभाळला नाही तर तो कोडमध्ये विखुरतो, आणि कालांतराने एकाच कलेक्शनमध्ये (डॉक्युमेंटांच्या संचात) ग्राहकाचा मोबाइल क्रमांक कुठे आकडा, कुठे मजकूर, तर कुठे यादी म्हणून साठवलेला आढळतो. जेसन स्कीमानुसार (डॉक्युमेंटची रचना लिहून ठेवण्याच्या पद्धतीनुसार) पडताळणी करण्याची सोय 3.6 या आवृत्तीपासून आहे, परंतु ती आपणहून लावावी लागते आणि घाईच्या कामात तेवढेच नेमके राहून जाते.

पाहायचे ते हे, की जी माहिती एकत्र वाचली जाते ती एकाच डॉक्युमेंटमध्ये स्वाभाविकपणे मावते का. ऑनलाइन दुकानाच्या मालाची यादी हे याचे उत्तम उदाहरण आहे. साडीला काठ, पदर आणि ब्लाउजपीस, मिक्सरला वॅट आणि भांड्यांची संख्या, पुस्तकाला लेखक आणि पृष्ठसंख्या. रिलेशनल (टेबलांवर आधारित) डेटाबेसमध्ये यासाठी एक तर बहुतेक रकाने रिकामे असलेले टेबल करावे लागते, नाही तर गुणधर्मांचे वेगळे टेबल करून प्रत्येक वेळी ती टेबले जोडणारे जॉइन लावावे लागतात. मोंगोडीबीत वस्तूचे पान एका वाचनात तयार होते, आतल्या फील्डवर आणि याद्यांवरही इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) लावता येतो, आणि एका डॉक्युमेंटमधला बदल एक तर पूर्ण होतो किंवा अजिबात होत नाही. मात्र एका डॉक्युमेंटची मर्यादा 16 एमबी आहे; त्यामुळे ग्राहकांचे अभिप्राय, जे वाढतच जाणार, ते वस्तूच्या डॉक्युमेंटमध्ये न कोंबता वेगळ्या कलेक्शनमध्ये ठेवावेत. खरे तर ही मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधीच वाचन मंदावू लागते.

याउलट पतसंस्थेचे सॉफ्टवेअर घ्या. एक सभासद स्वतः कर्जदार असतो आणि दुसऱ्या दोघांना जामीनही असतो. व्यवस्थापकाला थकबाकी कर्जानुसार हवी असते, तर लेखापरीक्षकाला जामीनदारानुसार. अशा माहितीला एकच एक स्वाभाविक आकार नसतो. कलेक्शने जोडण्यासाठी ‘लुकअप’ 3.2 पासून उपलब्ध आहे, पण फॉरेन की (एका नोंदीचा दुसरीशी संबंध डेटाबेसनेच राखण्याची सोय) नसल्यामुळे सभासदाची नोंद पुसली गेली तरी त्याचे कर्ज तसेच लटकत राहते आणि डेटाबेस काही तक्रार करत नाही. अनेक डॉक्युमेंटांवरील ट्रान्झॅक्शन, म्हणजे त्यांतले सगळे बदल एकत्र होणे किंवा एकही न होणे, ही सोय 2018 मध्ये 4.0 या आवृत्तीत आली. तिला रेप्लिका सेट (एकच माहिती राखणाऱ्या सर्व्हरांचा गट) लागतो आणि मूळ मांडणीत 60 सेकंदांची मुदत असते. अधूनमधून वापरण्यासाठी ती पुरेशी आहे. परंतु प्रत्येक दुसऱ्या कामासाठी ती लागत असेल, तर माहितीची विभागणी तरी चुकली आहे किंवा डेटाबेसची निवड तरी.

परवान्याबाबत थोडक्यात: ऑक्टोबर 2018 पासून मोफत कम्युनिटी आवृत्तीला एसएसपीएल (सर्व्हर साइड पब्लिक लायसन्स) हा परवाना लागू आहे. स्वतःच्या अ‍ॅपमागे डेटाबेस वापरणाऱ्याला सहसा त्याची अडचण येत नाही. मोंगोडीबीच सेवा म्हणून विकणाऱ्याने मात्र परवाना वकिलाकडून वाचून घ्यावा.

निर्णय होत नसेल तर मी पोस्टग्रेस हा रिलेशनल डेटाबेस सुचवीन. त्यात 2014 च्या 9.4 या आवृत्तीपासून ‘जेसनबी’ हा डॉक्युमेंटसारखी लवचीक माहिती एका रकान्यात ठेवण्याचा प्रकार आहे. हिशेबाची माहिती टेबलांत आणि वस्तूंचे बदलते गुणधर्म जेसनबी रकान्यात ठेवून, त्यावर इंडेक्स लावून, बहुतेक मध्यम आकाराचे प्रकल्प व्यवस्थित चालतात. माहिती अनेक सर्व्हरांवर विभागावी लागणार हे सुरुवातीपासून स्पष्ट असेल तर मात्र मोंगोडीबीचे पारडे जड होते, कारण अशी विभागणी, म्हणजे शार्डिंग, त्यात अंगभूत आहे. तेव्हा शार्ड की (ज्या फील्डनुसार ही विभागणी होते ते) विचारपूर्वक निवडावी, 5.0 पासून ती बदलून पुन्हा वाटणी करता येते, तरीही मोठ्या कलेक्शनवर ते काम जड जाते.