लळिंगची वारसा फेरी : एक अनुभव
धुळ्याच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत असलेल्या लळिंग गावाची ही अर्ध्या दिवसाची वारसा फेरी मला मनापासून आवडली. गडावरील खडकात खोदलेल्या टाक्यांपाशी वाटाड्याने आम्हाला बराच वेळ थांबवले आणि खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याच्या मलिक राजाने हा किल्ला थोरला मुलगा नसीरखान याच्याकडे, तर थाळनेरचा किल्ला धाकट्या मुलाकडे सोपवल्याची हकीकत इतक्या आत्मीयतेने सांगितली, की टाक्याच्या काठावरील छिन्नीच्या खुणांवरून माझी बोटे नकळत फिरू लागली. पायथ्याचे हेमाडपंती महादेव मंदिरही पाहिले. खंत एकच : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९३७ सालच्या मुक्कामाची आठवण जपणारा कुरणातील लांडोर बंगला मात्र घाईघाईत उरकला गेला. तेथे किमान अर्धा तास द्यायलाच हवा होता. चढावर सावली नाही, तेव्हा पाणी आणि रुमाल सोबत ठेवावा.